व्हरांड्यातला गट

प्रशिक्षणाचं पत्र आलं की धम्मशीलाच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शिकायचा कंटाळा होता म्हणून नव्हे. उलट दरवेळी ती मोठ्या आशेनं कोरी वही घेऊन जायची, तालुक्याच्या हॉलमध्ये पंख्याखालची जागा पकडायची, दिवसभर पडद्यावरची रंगीत चित्रं बघायची आणि संध्याकाळी कोरी वही घेऊनच परत यायची. "काय शिकवलं आज?" असं नवऱ्यानं, सिद्धोधननं, विचारलं की म्हणायची, "कसं शिकवू नये ते."

यंदा मात्र पडद्यावर पहिलंच वाक्य झळकलं, 'प्रत्येक मूल वेगळ्या पद्धतीने शिकते', आणि ती खुर्चीत सरळ होऊन बसली. हेच तर ती इतकी वर्षं घसा फोडून सांगत होती!

धम्मशीला पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. वडील गँगमन, आणि लेकीनं मास्तरीण व्हावं ही त्यांची एकच आस. डी.एड. करून ती जिल्हा परिषदेत लागली, दोन-तीन शाळा फिरली आणि पूर्णेपासून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या या गावात येऊन रमली. तिसरी-चौथीचा जोडवर्ग तिच्याकडं. कोणतं लेकरू कशानं हलतं ते तिला बसल्या जागी कळायचं. बुद्धभूषणला पाढा फळ्यावर लिहून दिला तर पाठ व्हायचा नाही. तोच भीमगीताच्या चालीवर लावून दिला की सतराचा पाढासुद्धा टाळ्या वाजवत म्हणायचा. भक्तीला पुस्तक दिलं की ती पुढचे चार धडे वाचून मोकळी. पण अपूर्णांक आले आणि तिचंच गाडं अडलं. धम्मशीलानं डब्यातली भाकरी मोडून तिच्या हातात दिली, "हा पाव, हा अर्धा," तेव्हा कुठं ते सुटलं.

आणि शुभदा. शुभदाचे आई-बाप दिवाळी झाली की गंगाखेडकडं ऊस तोडायला जायचे आणि पोरीची पहिली-दुसरीची निम्मी शाळा फडातच गेली होती. गेल्या वर्षापासून आजीनं, लक्ष्मीबाईंनी, भांडून तिला जवळ ठेवून घेतलं. आता ती चौथीत होती. वाचन अडखळत चालायचं. फळ्यावरचा भागाकार म्हणजे तिला नुसत्या रेघोट्या. पण मूठभर चिंचोके पुढ्यात टाकले की तीच पोर वाटे करत जायची, उरलेले बाजूला ठेवायची आणि मान वर करून बरोबर उत्तर सांगायची. हे कुण्या पुस्तकात वाचून धम्मशीला करत नव्हती. लेकरांकडं बघून करत होती.

तर त्या दिवशी हॉलमध्ये शहरातून आलेल्या तरुण तज्ज्ञानं सांगितलं की मुलं तीन प्रकारची असतात: पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि करून शिकणारी. चाचणी घ्या, गट पाडा, गटानुसार बसवा, गटानुसार शिकवा आणि फोटो टाका. धम्मशीलानं हात वर केला.

"सर, एकच लेकरू कविता कानानं शिकतं अन् गणित हातानं. त्याला कुठं बसवायचं?"

"छान प्रश्न आहे मॅडम. प्रश्न आपण शेवटी घेऊ."

शेवटी हजेरीच्या सह्या झाल्या, चहा झाला आणि सगळे आपापल्या गाड्यांकडं पळाले. प्रश्न तिच्यापाशीच राहिला.

चाचणी छापील होती. 'तुला नवीन गोष्ट कशी समजते?' असले प्रश्न आणि पुढं चौकटी. मूल कसं शिकतं हे शोधायचं आणि त्यासाठी त्याला आधी वाचता आलं पाहिजे, हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं असेल? ज्यांना वाचता येत होतं त्यांनी चौकटीत खुणा केल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांनी फुलं काढली, मासे काढले, एकानं झकास ट्रॅक्टर काढला. खाली बारीक अक्षरात सूचना होतीच: मूल लेखी उत्तर देऊ शकत नसल्यास त्यास 'करून शिकणारे' गटात घ्यावे. झालं. भक्ती 'पाहून'मध्ये गेली. बुद्धभूषणचा बाप कारकून, घरी पेपर यायचा, त्याला वाचता येत होतं. तो 'ऐकून'मध्ये गेला. आणि शुभदा, बौद्ध वस्तीतली बाकीची पोरं, ऊसतोड्यांची पोरं, ही सगळी एका फटक्यात करून शिकणारी ठरली.

धम्मशीला चिडली होती, पण हेडमास्तर भागवत सरांना घाई होती. शिक्षणाधिकारी साहेबांच्या भेटीत शाळा आदर्श ठरायची तर गट दिसले पाहिजेत. भागवत सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण फरशीपुढं त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. दारोदार फिरून, लोकांच्या हातापाया पडून त्यांनी वर्गात पांढरी फरशी बसवून घेतली होती आणि भिंतीवर टीव्ही लावला होता.

"मॅडम, करून शिकणारे म्हणजे माती अन् चिंचोके. ते माझ्या फरशीवर नको. व्हरांड्यात बसवा की! हवा आहे, उजेड आहे."

धम्मशीलाला त्यात वावगं काही वाटलं नाही. पाहून शिकणारे आत टीव्हीपुढं, ऐकून शिकणारे त्यांच्या मागं, करून शिकणारे व्हरांड्यात. सरांनी पेंटर बोलावून तीन पाट्या रंगवून घेतल्या. तिसरी व्हरांड्याच्या खांबाला ठोकली. आणि खोटं कशाला बोला, व्हरांड्यातला गट सगळ्यांत मजेत होता. शुभदा परातीतल्या मातीत बोटानं अक्षरं गिरवायची, मोडायची, पुन्हा गिरवायची. जोडाक्षरं सुटायला लागली. बाकी उरणारा भागाकार तिला जमायला लागला. धम्मशीला आतून बाहेर, बाहेरून आत अशा खेपा घालून थकायची, पण थकव्यात समाधान होतं.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. धम्मशीलाचे आजोबा सटवाजी निजामाच्या काळात मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, शिकायला गेले ते दाराबाहेर बसून शिकले. मास्तर त्यांच्या पाटीला हात लावत नसे, लांबून छडीनं चूक दाखवायचा. दर चौदा एप्रिलला धम्मशीला ही गोष्ट भाषणात सांगायची. ऐकताना बाया पदरानं डोळे पुसायच्या. तीच धम्मशीला पाऊसकाळापासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी वस्तीतल्या पोरांना हात धरून दाराबाहेर नेऊन बसवत होती, आणि तिच्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. वस्तीतलं लेकरू आत बुद्धभूषण एकटं उरलं होतं. प्रत्येकाची चाचणी तिनं स्वतः तपासली होती. पण सगळे मिळून कोण कुठं बसलेत, हे तिनं एकदाही दारात उभं राहून पाहिलं नाही.

ते लक्ष्मीबाईंनी पाहिलं. मानवतला नात्यात लग्न होतं म्हणून त्या नातीला न्यायला दुपारच्या आधीच आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी. फाटकातून आत आल्या आणि जागेवरच थांबल्या.

धम्मशीला हसत पुढं झाली. "जय भीम, मावशी. या ना."

लक्ष्मीबाईंनी जय भीम घातला नाही. "माज्या नातीला भायेर कामून बसविलं?"

"बाहेर म्हणजे... मावशी, हा गट आहे. ही लेकरं हातानं चांगली शिकतात, म्हणून—"

"अन् आतली कशानं शिकत्यात? पायानं?" लक्ष्मीबाई एकेका पोराकडं बोट दाखवत गेल्या. "ही आमची. ते आमचं. ते कस्तुराबाईचं, ते बी तोडीवाल्याचं. अन् आत कोन हाय ते बगा. मला वाचता येत न्हाई म्याडम, पर येवडं दिसतंय."

"मावशी, ती इथं शिकायलीय हो! तुम्ही तिला भागाकार विचारा."

"मला भागाकार काय कळतो? तुमी आपल्या म्हून मी पोरगी हितं ठेवली. तिच्या मानवतच्या मामाचं आयकलं असतं तर कवाच तिकडं गेली असती." त्यांनी शुभदाचा हात धरला. "आत बसवा. पुन्हा भायेर दिसली तर टीसी नेईन."

त्या गेल्या आणि धम्मशीला दारात उभी राहिली. पहिल्यांदाच तिनं तिथून दोन्हीकडं पाहिलं. आत पांढरी फरशी, बाहेर शहाबादी. आतल्या पोरांच्या पायात बूट, बाहेरची बरीचशी अनवाणी. शरमेनं तिचे कान तापले. घरी जाताना स्कूटीवर ती स्वतःला आणि तज्ज्ञाला आणि भागवत सरांना मोठमोठ्यानं बोलत होती. रेल्वे फाटकापाशी थांबलेल्या लोकांनी वळून पाहिलं तेव्हा तिला भान आलं.

मानवतच्या शाळेची तिला कल्पना होती. एका वर्गात साठ-सत्तर लेकरं, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, मान खाली, हाताची घडी. तिथं शुभदाच्या पुढ्यात चिंचोके कोण टाकणार? आणखी एवढं वर्ष हाताशी मिळालं तर ही पोर वाचायला लागली असती, याची धम्मशीलाला खात्री होती. तेवढंच तिला हवं होतं.

लग्नाहून आल्यावर शुभदा आत बसली. पहिल्या रांगेत, भक्तीच्या शेजारी, टीव्हीच्या बरोबर समोर. लक्ष्मीबाई दोन-तीन दिवस फाटकाशी येऊन मान उंच करून बघून गेल्या आणि त्यांचं समाधान झालं. धम्मशीलाचं मात्र डोकं फिरायची पाळी आली. पांढऱ्या फरशीवर शुभदा अंग चोरून बसायची. वहीवर पेन्सिल टेकवलेली, पण पेन्सिल हलायची नाही. जो भागाकार ती बाहेर हसत करायची, तोच आत विचारला की खाली बघायची. बाहेर बसवावी तर पोरगी हातची जाणार, आत बसवावी तर तिचं शिकणं जाणार. धम्मशीलाला रडू यायचं ते संतापानं. इतका साधा उपाय समोर होता, आणि तो एका फरशीवर अडला होता.

ती भागवत सरांकडं गेली. "सर, चिंचोके आत आणू द्या. माती पण."

"मॅडम, साहेब येऊन जाऊ द्या. मग फरशीवर नांगर धरा."

"साहेब येईपर्यंत पोरगी गेलेली असेल."

"एका पोरीसाठी अख्खी शाळा मागं ठेवायची का?"

"मग ही शाळा कुणासाठी आहे, सर? फरशीसाठी?"

हे जरा जास्तच झालं. सरांचा चेहरा उतरला. एरवी धम्मशीलानं माफी मागितली असती; त्या दिवशी नाही मागितली. शेवटी सर धुसफुसत तयार झाले: चिंचोके चालतील, पण पोत्यावर. माती बाहेरच. धम्मशीलानं घरून रिकामी पोती धुऊन आणली, वर्गाच्या मधोमध अंथरली आणि तिन्ही गट मोडून टाकले. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. भक्ती चिंचोक्यांवर तुटून पडली, कारण इतके दिवस तिला ते मिळालेच नव्हते. वस्तीतल्या पोरांनी टीव्हीचा ताबा घेतला. बुद्धभूषणनं भागाकाराला चाल लावली. आणि शुभदा हळूहळू पोत्याच्या मधोमध सरकली आणि एक दिवस भक्तीला म्हणाली, "आगं येडे, उरलेले वायले ठिव की." धम्मशीलानं ते ऐकलं आणि फळ्याकडं तोंड करून उगीच खडू शोधत राहिली.

खांबावरची पाटी मात्र सरांनी काढू दिली नाही. रंगाचे पैसे गेलेत, साहेब येईपर्यंत राहू द्या म्हणाले. धम्मशीलानंही वाद घातला नाही. एका पाटीनं काय होतंय, असं तिला वाटलं.

साहेब आले ते थंडीत, शनिवारी सकाळच्या शाळेत. जीप, मागं दोन मोटारसायकली, हारतुरे, नारळ. सर पहाटेपासून शाळेत होते. पोती त्यांनी दाराआडून दोनदा बघितली आणि दोनदा डोळे मिटून घेतले. साहेब बूट न काढता आत आले, त्यावर काही बोलायची सरांची छाती झाली नाही.

साहेबांनी टीव्ही पाहिला, मान डोलावली. मग व्हरांड्यात जाऊन पाटी वाचली आणि दारातून विचारलं, "करून शिकणारे. छान! पण हा गट कुठंय?"

धम्मशीला पुढं झाली. "साहेब, आम्ही गट आता—"

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. पोत्यावरून शुभदा उठली. तिनं आपल्यापुढचे चिंचोके ओच्यात गोळा केले, फरशीवर सांडलेला एक वाकून उचलला आणि कुणाकडं न बघता चालत दाराबाहेर गेली. तिच्या मागं वस्तीतली पोरं उठली. त्यांच्या मागं, आजी-आजोबांकडं राहिलेली तोडीवाल्यांची. कुणी ढकलाढकली केली नाही, कुणी आवाज केला नाही. खांबाच्या पाटीखाली ती आपापल्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

"वा!" साहेब म्हणाले. "शिस्त फार चांगली लावलीय मॅडम." आणि मोबाईलवाल्याला त्यांनी बोटानं खुणावलं. पाटी, पोरं, चिंचोके, शेजारी साहेब वाकून कौतुकानं बघतायत, असा फोटो निघाला. धम्मशीला उंबऱ्याच्या आत होती. "साहेब, थांबा," असं ती म्हणाली खरी, पण तेवढ्यात सर नारळपाण्याची घाई करू लागले आणि सगळे ऑफिसकडं वळले.

फोटो गावच्या ग्रुपवर पडायला वेळ लागला नाही. शाळा सुटायच्या आत लक्ष्मीबाई फाटकात हजर. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर त्यांनी पाहिलं होतं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"टीसी द्या म्याडम."

"मावशी, ऐका तरी! मी नाही बसवलं तिला बाहेर. महिना झाला ती आत बसायलीय, पोत्यावर, मधोमध. तिला इतकं छान यायलंय. मी साहेबांना सांगतच होते की गट मोडलेत."

"मंग फोटूत कोन हाय?"

"मी सांगितलं नव्हतं तिला! कुणीच नव्हतं सांगितलं." धम्मशीलाचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिची बाजू खरी होती आणि साक्षीदार समोर उभा होता. "माझ्यावर नका विश्वास ठेवू. तिलाच विचारा."

लक्ष्मीबाईंनी नातीकडं पाहिलं. "कुनी बसविलं गं तुला भायेर?"

"कुनी न्हाई, आज्जी."

"बघा!" धम्मशीला म्हणाली.

"मंग कशी गेलीस?"

शुभदाला या प्रश्नाचं नवल वाटलं. दोघींकडं आळीपाळीनं बघत, आपल्याला नीट उत्तर येतंय या आनंदात, ती म्हणाली, "सायब आल्ते ना. मंग आमीच भायेर जायाचं. मला आपलं आपनच कळलं."

पोरगी हातानं शिकते हे धम्मशीलानंच ओळखलं होतं. जे रोज करायला लावावं ते हिच्यात पक्कं उतरतं, कायमचं उतरतं, हेही तिलाच माहीत होतं. पाऊसकाळापासून दिवाळीपर्यंत तिनं तिच्याकडून रोज काय करून घेतलं होतं? भागाकार शिकवायला चिंचोके लागले होते. हे शिकवायला काही लागलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंनी नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि तिच्या दप्तराचा पट्टा आपल्या खांद्याला अडकवला. ऑफिसात भागवत सर उरलेले हार गुंडाळून ठेवत होते. धम्मशीला आत गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, शुभदाची टीसी लिहा."